चार बाजारांची शपथ

धंदा चालेल की नाही हे बघायला आम्ही ताडकळसच्या आठवडी बाजारात पहिल्यांदा गाडी लावली, आणि तासाभरात मी एका माणसाच्या तोंडावर कालवलेलं बेसन फेकलं. बेसन त्याचंच होतं. तो शेजारचा भजीवाला. त्याचं म्हणणं एवढंच होतं, "घरच्या बायका रस्त्यावर उभ्या राहून गड्यामाणसांना चिनी खाऊ घालायलेत, उद्या अजून काय काय विकतील." त्यानं ते मोठ्यानं म्हटलं आणि त्याची गिऱ्हाइकं हसली. मी त्याची बेसनाची पातेली उचलली आणि सबंध त्याच्या तोंडावर ओतली. तो डोळे पुसत माझ्याकडे आला तसा त्याच्या खांद्यावर झारा घातला. त्यानं माझं मनगट पिरगाळलं, मी त्याच्या नडगीवर लाथ मारली, आणि या झटापटीत आमचं मोमो उकडायचं भांडं पालथं झालं. पहाटे उठून भरलेले सगळे मोमो चिखलात गेले. कुत्री आली. चार माणसांनी आम्हाला ओढून बाजूला केलं तोवर माझ्या धाकट्या जावेनं चिखलातून भांडं उचलून पुसायला घेतलं होतं. 

माझा हात तोंडाच्या आधी चालतो. आईचं लाटणं खातच मी मोठी झाले, आणि त्या लाटण्यानं मला एवढंच शिकवलं की आधी मारावं. शाळेत एका मुलीचा दात पाडला. लग्नानंतर पुण्यात होतो तेव्हा घरमालकाच्या पोराला जिन्यावरून ढकललं, आणि तो पडला म्हणून मला वाईट वाटलं नाही, जिना लहान होता म्हणून वाटलं. खोटं कशाला सांगू, मला याचा अभिमान होता. ही बाई कुणाचं ऐकून घेत नाही, असं गावात म्हणायचे, आणि ते माझ्या कानावर आलं की मी दिवसभर खुशीत असायची.

पुण्यात दोन वर्षं मी एका नेपाळी बाईच्या गाडीवर मोमो भरायचं काम केलं. नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याची नोकरी गेली, आम्ही परत आलो, तो टमटम चालवायला लागला आणि मी घरात बसले. एकदा घरी मोमो केले. चटणीला टमाटे नव्हते. शेजारून, म्हणजे जावेकडून, येसरची आमटी आणली आणि मोमो त्यात सोडले. येसर म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या आधी जात्यावर दळतात ते जवारी, डाळ आणि मसाल्याचं भाजून केलेलं पीठ. गरम पाण्यात ते शिजलं की अशी आमटी होते की माणूस ताट चाटतो. आणि माझ्या जावेसारखं येसर आसपासच्या चार गावांत कुणाचं नाही. लग्नघरातून तिला बोलावणी येतात. त्या दिवशी ती उंबऱ्यात उभी राहून एक मोमो खाऊन म्हणाली, "आत पत्ताकोबीच्या जागी करडईची भाजी घाला बाई, मग बगा." घातली. मी सात खाल्ले.

बचत गटाच्या मॅडमना आम्ही हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी चार बाजार करून बघा. कोण खातं, परत कोण येतं, काय उरतं, सगळं लिहा. मग पुढचं बोलू." जाऊ दहावीपर्यंत शिकलेली. तिनं वही केली. प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारायचे असं ठरलं: तिखट किती पाहिजे, परत खाल का, घरी न्याल का. मला हा सगळा पोरखेळ वाटत होता. लोकांना आवडलं तर खातील, नाहीतर नाही, त्यात लिहायचं काय. पण तिनं वहीच्या पानावर पट्टीनं रेघा मारल्या, इतक्या सरळ की मीच तिला पेन शोधून दिलं.

तिला ती वही का हवी होती हे मला माहीत होतं. आमची दोन घरं, मधली भिंत एक. माझा दीर तिला मारायचा. आठ वर्षं मारत होता. दारू पिऊन नव्हे, पिणाऱ्याला निदान निमित्त असतं. हा जेवताना भाकरी करपली म्हणून मारायचा, नाही करपली तर बोलली नाही म्हणून. संध्याकाळी भिंतीपलीकडे ताट आपटल्याचा आवाज यायचा, मग तिचा आवाज, मग काहीच नाही. मी टीव्ही मोठा करायची. माझा नवरा म्हणायचा, "त्यांच्या घरातलं हाय," आणि मी मान हलवायची. सकाळी ती पाणी भरायला यायची तेव्हा पदर गालावर ओढलेला असायचा. बाजारात मी परक्या माणसाला झोडपत होते आणि घरात भिंतीला पाठ लावून बसत होते. तेव्हा ते माझ्या डोक्यात एकत्र आलंच नाही.

पहिल्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ती येसर दळत होती. सासूबाईंचं जातं माझ्याकडे आहे, दळायला ती माझ्या ओसरीवर यायची. दळता दळता म्हणाली, "बाई, एक सांगते. ही गाडी चालली तर मी पोरीला घेऊन येगळी राहीन. माहेराकडं खोली बघून ठिवलीय. न्हाई चालली तर मला हितंच मरायचंय. म्हणून तुमी मला हे चार बाजार द्या."

"देते की. कुणी अडवलंय?"

"तुमीच. कालच्या बाजारात वहीत एक नाव पडलं न्हाई. सगळा बाजार तमाशा बगत व्हता."

मी म्हटलं, तो तसं बोलला तर मी काय ऐकून घ्यायचं. ती म्हणाली, "व्हय. ऐकून घ्यायचं." मग तिनं माझा हात धरला आणि जात्याच्या वरच्या पाळीवर ठेवला. आमच्या घरात जात्यावर हात ठेवून बोललेलं मोडत नाहीत. लग्नात त्याच जात्याला हळदकुंकू लावून त्यावर पाच सवाष्णी दळतात, आणि सासूबाई सांगायच्या की या दगडावर हात ठेवून खोटं बोललं की घरातलं पीठ सरतं. मी पुण्यात राहून आलेली, असल्या गोष्टींना हसणारी, पण त्या दगडाला मीही घाबरते. "पुढचे तीन बाजार कुणावर हात उचलणार न्हाई," असं तिनं माझ्याकडून म्हणवून घेतलं. दगड अजून गरम होता.

दुसऱ्या बाजारात मी भजीवाल्याच्या शेजारी उभी राहिले. त्याच्या खांद्यावर काळानिळा डाग होता, बंडीतून दिसत होता. त्यानं माझ्याकडे बघून शेजारी थुंकलं. मी मोमोच्या कडा दाबत राहिले, एकेका मोमोच्या जागी त्याचा कान आहे असं समजून. त्या दिवशी मोमो फार घट्ट मिटले होते. एक म्हातारा आला, वाटीतल्या आमटीचा घोट घेतला आणि म्हणाला, "हे तर आमच्या लग्नातलं हाय. यात हे पांढरं कशाला घातलं?" जावेनं ते जसंच्या तसं वहीत लिहिलं. मग तो परत आला आणि अजून एक वाटी मागितली, तेही लिहिलं. दुपारपर्यंत भांडं रिकामं झालं. घरी जाताना टमटममध्ये ती वही मांडीवर घेऊन हिशेब लावत होती: कॉलेजची पोरं तिखट मागतात, बायका घरी न्यायला बघतात पण डबा नसतो, म्हातारी माणसं नुसती आमटी पितात. "आन बाई, ही गर्दी अर्धीच हाय," ती म्हणाली. "ऊसतोडीला गेलेली माणसं अजून आली न्हाईत. ती आल्यावर बगा." एवढ्या आनंदानं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या मुठी तेवढ्या वेळ सैल झाल्या.

तिसऱ्या बाजारात एका दाढीवाल्या गिऱ्हाइकानं अर्धी प्लेट खाऊन उरलेली आमटी माझ्या पायावर ओतली. गरम नव्हती. मित्रांना दाखवायला ओतली त्यानं. माझ्या हातात झारा होता. मला त्याच्या नाकाचं हाड दिसत होतं, झारा कुठं बसेल ती जागा दिसत होती. मी गालाचं आतलं मांस दातात धरलं आणि तोंडात रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. जाऊ पुढं झाली, त्याला शांतपणे विचारलं, "तिखट जास्ती झालं का दादा?" तो ओशाळला आणि पैसे देऊन गेला. नंतर तिनं माझ्या पायावर पाणी ओतलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, मी जिंकले. एक बाजार राहिला होता.

चौथ्या बाजारात आम्ही पोचण्याआधीच दोन बाया वाट बघत होत्या, डबे घेऊन. भजीवाल्यानं स्वतःहून आपलं खोकं हातभर सरकवलं. बाजार जोरात होता. जाऊ दोन्ही हातांनी वाढत होती, मधूनच वही काढून लिहीत होती, आणि मी मागं वाफेत उभी राहून मोमो काढत होते. उद्या मॅडमकडे वही घेऊन जायचं ठरलं होतं. अकराच्या सुमाराला माझा दीर आला.

त्याला कुणीतरी सांगितलं होतं की बायको बाजारात गड्यांशी हसून बोलते. तो गर्दीतून सरळ आला आणि काही न बोलता तिच्या अंबाड्याला धरून तिला गाडीपासून मागं खेचलं. तिची मान इतकी मागं गेली की तिचं तोंड आभाळाकडे झालं. तिनं गाडीची कड धरून ठेवली. त्यानं तिच्या पाठीत बुक्की मारली, मग दुसरी. शेगडीला लाथ घातली. आमटीचं पातेलं कलंडलं आणि उकळती आमटी तिच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत गेली. तेव्हा ती ओरडली. "बाई!" असं ओरडली. एकदाच.

मी तीन हातांवर होते. झारा माझ्या हातात होता. बाजारातली माणसं त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. पहिल्या बाजाराचं त्यांनी पाहिलं होतं, आता ही बाई याला फोडते, याची वाट बघत ती उभी होती. मी झारा घट्ट धरला आणि उभी राहिले. शपथ, शपथ, असं काहीतरी डोक्यात वाजत होतं. त्यानं तिला जमिनीवर पाडलं आणि चप्पल काढली. मी उभीच.

त्याच्या अंगावर झेप घेतली ती भजीवाल्यानं. ज्याच्या तोंडावर मी बेसन फेकलं होतं त्यानं. त्यानं दिराला गळ्यातल्या गमच्यानं मागं ओढलं आणि खोक्यावर आपटलं. मग दोघंतिघं आणखी धावले. मी वही उचलली. आमटीनं भिजली होती, रेघा पसरल्या होत्या. ती पुसत मी तिथंच बसले, आणि जावेला टमटममध्ये कुणी बसवलं हेही मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथा बाजार होऊन गेलेला होता. शपथ संपली होती. दीर अंगणात दात घासत होता. मी चुलीजवळची लोखंडी फुंकणी घेतली, मागून गेले आणि त्याच्या पाठीवर घातली. तो वळला तसा मनगटावर, मग खांद्यावर, मग जिथं लागेल तिथं. तो मोरीत पडला. "वैनी, वैनी" करत होता. मी त्याच्या तोंडावर पाय ठेवला. माझा नवरा येऊन मला कमरेला धरून उचलेपर्यंत मी मोजून नव्हे, मन भरेपर्यंत मारलं, आणि सांगते, मन भरलं नाही. त्याचं मनगट फुगून कोहळ्याएवढं झालं. आठ वर्षं ज्याला कुणी बोललं नव्हतं त्याला मी त्याच्याच अंगणात लोळवलं होतं, आणि मला वाटत होतं की हे ऐकून ती उठून बसेल.

तशीच एसटी धरून सरकारी दवाखान्यात गेले. तिचा हात बोटांपासून कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. मी खाटेच्या कडेला बसून सगळं सांगितलं. फुंकणी, मोरी, मनगट. तिनं ऐकून घेतलं.

"कवा मारलं?" तिनं विचारलं.

"आज सकाळी."

"मी तुमाला काल हाक मारली व्हती."

मी म्हटलं, अगं जात्यावर हात ठेवला होता. तूच ठेवायला लावला होतास.

"धंदा मोडू नये म्हणून मी गिऱ्हाइकांना मारू नका म्हणले व्हते बाई. तो माझा जीव घ्यायलाय तरी हात बांधून उभ्या ऱ्हावा, असं मी कवा म्हणले?"

मी काही बोलायला तोंड उघडलं. तिनं चांगला हात वर करून मला थांबवलं. "आन शपथ नव्हती तवाची आठ वरसं?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

परत येताना एसटीच्या खिडकीला डोकं टेकून मी खूप रडले. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती. शपथ मला सोयीची पडली होती, हे मला कळायला त्या बाईच्या हाताची कातडी जावी लागली. मी ज्यांना मारलं ते सगळे परके होते, त्यांना मारून मला काही गमवावं लागत नव्हतं. दिराला मारलं असतं तर नवरा, घर, एक भिंत, सगळं अंगावर आलं असतं. मी त्याला भीत होते. बाजारात हात उचलणारी ही बाई आपल्या घरातल्या एका माणसाला आठ वर्षं भीत होती.

ती बरी झाल्यावर आमच्या घरी आलीच नाही. दवाखान्यातूनच पोरीला घेऊन माहेरी गेली, सेलूकडे. जाताना निरोप धाडला की वही मॅडमना द्या. मी दिली. मॅडमनी भिजलेली पानं एकेक उलटून बघितली आणि म्हणाल्या, "धंदा शंभर टक्के चालेल. तुम्ही दोघी करा." मी म्हटलं, ती एकटी करेल.

या उन्हाळ्यात तिची मोमोची गाडी बघायला मी देवगाव फाट्यावर उतरले. जिंतूर, सेलू, परभणी, सगळीकडची माणसं तिथं गाडी बदलतात, त्यामुळे फाट्यावर कायम कुणीतरी भुकेलं उभं असतं. जागा तिनं बरोबर निवडली होती. गाडीला निळा रंग दिला होता, पाटीवर फक्त "येसर मोमो". ऊसतोडीहून परतलेल्या माणसांचा एक ट्रक थांबला होता आणि दहाबारा जणं वाट्या तोंडाला लावून उभी होती. तिनं सांगितलं होतं तसंच. तिचा उजवा हात कोपरापर्यंत गुलाबी आणि सुरकुतलेला होता, पण ती त्याच हातानं वाढत होती. गाडीच्या कडेला एक जाड लाकडी दांडका उभा केलेला होता.

मी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा तिनं वर बघितलं आणि इतर सगळ्यांना विचारते तसं विचारलं, "तिखट किती?"

"तू देशील तेवढं," मी म्हणाले. मग, माणसं ऐकत होती तरी, बोलून टाकलं. मला कामाला घे, मागं भांडी घासते, मोमो भरते, तू सांगशील ते. इथं कुणी तुझ्या वाटेला गेला तर मी त्याला जिवंत सोडणार नाही.

तिनं वाटी भरली. वर करडईचे दोन मोमो ठेवले. "मारायला लय माणसं मिळतात बाई," ती म्हणाली. "मला मधी पडणारं माणूस पायजे व्हतं."

वाटी माझ्या हातात दिली. मी पैसे पुढं केले. वाटलं होतं, घेणार नाही. तिनं घेतले, सुटे परत दिले, आणि माझ्या मागच्या माणसाला विचारलं, "तिखट किती?"

मी ट्रकच्या सावलीत उभी राहून सगळी आमटी प्यायले. फार चांगली होती. मग वाटी धुऊन तिच्या बादलीत ठेवली आणि परभणीची गाडी धरली.